फोनची रिंग कुणी थांबवायची?

पहिल्या एकांकिकेला मी म्युझिक वाजवलं ते साध्या मीडिया प्लेअरवर. पंचवीसेक फाइली, विंगेतला अंधार आणि हातात माऊस. पुढच्या एकांकिकेपासून लिनक्स शो प्लेअर हा नाटकातले आवाज क्रमाने सोडणारा प्लेअर वापरायला लागले. हा मुक्तस्रोत आहे, फुकट आहे. नाटकवाल्यांत क्यूलॅब या अशाच सॉफ्टवेअरचं नाव जास्त ऐकू येतं, पण ते फक्त मॅकवर चालतं आणि कॉलेजच्या ग्रुपात मॅक कुणाकडे असेलच असं नाही. जुन्या लॅपटॉपवर उबुंटू (लिनक्सची फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) टाकलं आणि माझं काम भागलं.

संहितेच्या क्रमाने क्यूंची, म्हणजे ठरलेल्या क्षणी द्यायच्या आवाजाच्या सूचनांची, यादी लावायची. स्पेसबार दाबला की निवडलेला क्यू सुटतो आणि निवड पुढच्या क्यूवर सरकते. प्रत्येक क्यूचं फेड-इन, फेड-आऊट (आवाज हळूहळू चढणं, उतरणं), सुटण्याआधीचा थांबा ठरवता येतो. एकामागून दुसरा आपोआप सुटेल अशी साखळीही बांधता येते. या साखळीनेच मला फसवलं.

आमच्या नाटकात आई खिडकीशी उभी आहे, बाहेर पाऊस. फोन वाजतो, ती येऊन रिसीव्हर उचलते. तालमीत मी घड्याळ लावून मोजलं आणि साखळीत बांधलं होतं: पाऊस सुरू झाल्यावर 14 सेकंदांनी रिंग, पुढे 6 सेकंदांनी बंद. स्पर्धेच्या प्रयोगात आईचं काम करणारी मुलगी खिडकीशी जास्त वेळ थांबली. अख्खं सभागृह तिच्याबरोबर थांबलं होतं. त्या शांततेत माझी रिंग वाजली. ती दचकून वळली, पण फोनपाशी पोचेपर्यंत रिंग बंद पडली होती. न वाजणारा फोन उचलून ती 'हॅलो' म्हणाली. तो क्षण तिने कमावलेला होता, आणि तो माझ्या हिशेबाने मोडला. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

तेव्हापासून नटाच्या श्वासाशी बांधलेला प्रत्येक क्यू मी हाताने सोडते. वीज कडाडल्यावर 2 सेकंदांनी पाऊस वाढणं, संवादाआधी 3 सेकंदांत तो खाली येणं, अशा आवाजातल्या आवाजात घडणाऱ्या गोष्टी सॉफ्टवेअरने कराव्यात. तिथे त्याच्याइतकी सफाई माझ्या हाताला नाही.

रिंगचंच सांगते, कारण नवीन माणूस इथे हमखास अडकतो. नेटवरून उतरवलेली रिंग बरेचदा अमेरिकन असते: 2 सेकंद सलग वाजते, 4 सेकंद गप्प. आपल्या लँडलाइनची जोडरिंग असते. 0.4 सेकंद आवाज, 0.2 थांबा, पुन्हा 0.4 आवाज, मग 2 सेकंद शांतता. ऑडॅसिटी या आवाज कापायच्या-जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये बरोबर 3 सेकंदांचा तुकडा कापा आणि लूपवर लावा, म्हणजे तो पुन्हा पुन्हा वाजत राहील. फाइल वेव्ह (WAV) प्रकारातच ठेवा. एमपीथ्रीत टोकांना बारीक शांतता चिकटते आणि लूपचा ताल सरकतो. रिसीव्हर हलला की स्टॉपचा क्यू, आणि त्याचं फेड-आऊट शून्य. हळूहळू विरत जाणारी रिंग प्रेक्षकाचा कान लगेच पकडतो.

बाकी थोडक्यात. सगळे आवाज आणि सेशनची (क्यूंची यादी साठवलेली) फाइल एकाच फोल्डरमध्ये, त्याची प्रत पेनड्राइव्हवर. वायफाय आणि नोटिफिकेशन बंद. स्पीकरमधून घुमल्यासारखा आवाज आला तर आधी चार्जर काढून बघा. आणि साउंड चेक करताना यादीतली निवड खाली सरकलेली असते, ती तिसऱ्या घंटेआधी पहिल्या क्यूवर परत आणा.