जुन्या एक्सटीत एमएफएम कंट्रोलर बसवताना

माझ्या टेबलावर आत्ता तीन वस्तू आहेत. वेस्टर्न डिजिटलचं डब्ल्यूडी१००२ए-डब्ल्यूएक्स१ हे आठ बिटांचं कार्ड (हार्ड डिस्क चालवणारा कंट्रोलर; एमएफएम ही त्याची तबकडीवर माहिती लिहिण्याची पद्धत), सीगेटची एसटी-२२५ हार्ड डिस्क आणि आठ मेगाहर्ट्झवर चालणारा एक एक्सटी क्लोन, म्हणजे आयबीएमच्या एक्सटी या जुन्या संगणकाची दुसऱ्या कंपनीने केलेली नक्कल. अशी जुळणी मी बऱ्याचदा केली आहे. पहिल्यांदा करणाऱ्याला कुठे अडायला होतं ते ठाऊक आहे, म्हणून त्या जागांवर जास्त थांबते.

आधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. नंतरच्या आयडीई डिस्कमध्ये कंट्रोलर डिस्कच्याच अंगावर असतो. एसटी-५०६ या जुन्या जोडणीच्या घराण्यातल्या या डिस्कला मात्र स्वतःची अक्कल जवळजवळ नाही. तिच्यात मोटर, हेड आणि ॲम्प्लिफायर एवढंच. तबकडीवरून निघालेले स्पंद कच्च्या रूपात वीस तारांच्या केबलमधून कार्डापर्यंत येतात. सेक्टर, म्हणजे तबकडीवरच्या वर्तुळाकार ट्रॅकचा एक तुकडा, कुठून सुरू झाला, त्याचा क्रमांक काय, हे सगळं कार्डच ठरवतं. त्यामुळे एका कार्डाने लिहिलेली डिस्क दुसऱ्या बनावटीच्या कार्डाला बहुतेक वेळा वाचता येत नाही. डिस्क आणि कार्ड ही जोडी आहे.

हे मी नुकसान सोसून शिकले. एकदा एका खोक्यात डिस्क मिळाली, तिच्यावर शाईने ‘हिशेब’ असं लिहिलेलं. हाताशी होतं ते कार्ड लावलं, वाचता येत नाही असा संदेश आला, आणि डिस्क बिघडलेली समजून मी ती नव्याने फॉरमॅट केली. आठवड्याने त्याच खोक्याच्या तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं तिचं मूळ कार्ड सापडलं. कुणाचे हिशेब होते कोण जाणे. ते मी पुसले, याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून डिस्क कार्डासकट मिळाली असेल तर ती दोन्ही एकत्रच ठेवा आणि पहिल्यांदा त्याच कार्डावर वाचून बघा. कार्ड हरवलं असेल आणि आतला मजकूर मोलाचा असेल, तर बीगलबोन बोर्डावर चालणारं एमएफएम रीडर मिळतं. ते कच्चे स्पंद उतरवून घेतं आणि नंतर संगणकावर त्यांचा उलगडा करता येतो. डिस्कवर काही ठेवण्यासारखं नाही याची खात्री झाली की मगच पुढे चला.

कार्ड स्लॉटमध्ये घालण्याआधी मल्टिमीटर काढा. या काळातल्या कार्डांवर पिवळे, थेंबाच्या आकाराचे टँटलम कपॅसिटर असतात आणि वर्षानुवर्षं पडून राहिले की त्यातला एखादा शॉर्ट होतो. पाच व्होल्ट आणि ग्राउंड, तसंच बारा व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यामधला रोध मोजा. जवळजवळ शून्य आला तर कार्ड लावू नका, आधी तो कपॅसिटर शोधून बदला. डिस्कच्या सर्किट बोर्डाचीही हीच तपासणी करा. पॉवर सप्लायही बघून घ्या. मूळ आयबीएम पीसीचा सप्लाय ६३.५ वॅटचा होता, हार्ड डिस्क सुरू होताना लागणारा करंट त्याला झेपत नाही. एक्सटीला १३० वॅटचा दिला तो याचसाठी. त्याच पीसीबद्दल आणखी एक. २७ ऑक्टोबर १९८२ या तारखेच्या आधीचा बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा प्रोग्रॅम, असेल तर तो कार्डावरचा रॉम (कार्डाचा स्वतःचा प्रोग्रॅम असलेली चिप) शोधतच नाही. मग बाकी सगळं बरोबर असूनही डिस्क दिसणार नाही.

स्लॉट कुठलाही चालतो, अपवाद आयबीएम एक्सटीच्या आठव्या स्लॉटचा. पॉवर सप्लायलगतचा तो आखूड स्लॉट कार्डाकडून एक जादा सिग्नल मागतो आणि बहुतेक हार्ड डिस्क कार्डं तो देत नाहीत.

आता केबल. सगळ्यात जास्त वेळ इथे जातो.

दोन केबल लागतात. चौतीस तारांची कंट्रोल केबल आणि वीस तारांची डेटा केबल. चौतीस तारांची केबल फ्लॉपीच्या केबलसारखीच दिसते, दोन्हींत शेवटच्या कनेक्टरआधी काही तारांना पीळ असतो, आणि घोटाळा तिथेच होतो. मी दोन संध्याकाळी यात घालवल्या. कार्डासोबत आलेली केबल हार्ड डिस्कचीच असणार असं धरून चालले होते. डिस्क फिरायची, आणि दर वेळी पडद्यावर १७०१ हा हार्ड डिस्कच्या चुकीचा आकडा उमटायचा. शेवटी केबल दिव्याखाली धरली आणि लाल कडेच्या तारेला एक म्हणून नखाने एकेक तार मोजत गेले. पीळ दहाव्या तारेला सुरू झाला आणि सोळाव्याला संपला. म्हणजे सात तारा, म्हणजे फ्लॉपीची केबल. हार्ड डिस्कच्या केबलमध्ये पीळ २५ ते २९ या पाच तारांना असतो, लाल कडेपासून बराच लांब. एकदा डोळ्यांत बसलं की लांबूनही ओळखता येतं.

हा पीळ काय करतो ते समजलं की जंपर, म्हणजे डिस्कचा क्रमांक ठरवणाऱ्या पिनांवरच्या छोट्या टोप्या, पाठ करावे लागत नाहीत. २६ क्रमांकाची तार पहिली डिस्क निवडते आणि २८ क्रमांकाची दुसरी. पिळामुळे या दोन तारांची अदलाबदल होते. म्हणून पीळ असलेल्या केबलवर दोन्ही डिस्कचे जंपर दुसऱ्या क्रमांकावरच ठेवायचे. पिळाच्या पलीकडे, टोकाला असलेली डिस्क कार्डाला पहिली वाटते आणि मधली दुसरी. काही डिस्कवर क्रमांक शून्यापासून छापलेले असतात, तिथे ‘दुसरा’ म्हणजे १. केबल सरळ असेल तर एकट्या डिस्कचा जंपर पहिल्या क्रमांकावर ठेवा. टर्मिनेटर, म्हणजे सॉकेटमध्ये बसणारा रोधांचा छोटा पॅक, फक्त टोकाच्या डिस्कवर ठेवायचा आणि मधल्या डिस्कवरचा काढायचा. काढलेला पॅक टाकून देऊ नका.

वीस तारांची केबल मात्र प्रत्येक डिस्कला वेगळी. कार्डावर तिची दोन सारखी सॉकेटं असतात, त्यातलं पहिल्या डिस्कचं कुठलं ते बोर्डावरच्या छपाईत बघा. चुकीच्या सॉकेटमध्ये लावलीत तर डिस्क फिरेल, हेडही हलतील, पण वाचताना फक्त चुका येतील. दोन्ही केबलची लाल कडा पिन एककडे.

सुरू केल्यावर कान द्या. एसटी-२२५ आधी हळूहळू सूर चढवते, मग स्टेपर मोटरची टर्रर-टक अशी हालचाल होते, आणि डिस्क शांत गुणगुणत राहते. बारीक किंचाळी येत असेल तर घाबरू नका. ती बहुधा खालच्या बाजूला अक्षाला टेकलेल्या ग्राउंडच्या पातळ पट्टीची असते.

डिस्क फिरते पण कार्डाचा काही पत्ताच नाही असं झालं, तर टक्कर शोधा. एक्सटी कार्डाचा रॉम साधारण सी८००० या पत्त्यावर असतो, आणि कार्ड आयआरक्यू ५ (प्रोसेसरला हाक मारायची लाइन) आणि डीएमए ३ (मेमरीत थेट माहिती नेण्याचा मार्ग) वापरतं. दुसऱ्या कुठल्या कार्डाने, विशेषतः साउंड कार्डाने, आयआरक्यू ५ घेतला असेल तर त्याचा हलवा. सोळा बिटांच्या मशीनमध्ये हे आठ बिटांचं कार्ड लावलंत तर व्हीजीए कार्डाकडेही संशयाने पाहा. सोळा बिटांचा व्हीजीए रॉम असलेली कार्डं सी०००० पासूनचा सगळा १२८ किलोबाइटचा पट्टा सोळा बिटांचा असल्याचं मशीनला सांगतात, आणि मग शेजारचा आठ बिटांचा रॉम चुकीचा वाचला जातो. व्हीजीए आठ बिटांवर आणलं की प्रश्न सुटतो.

आता लो-लेव्हल फॉरमॅट, म्हणजे तबकडीवर ट्रॅक आणि सेक्टर नव्याने आखणं. डिस्क ज्या स्थितीत कायम राहणार आहे त्याच स्थितीत ठेवा, आडवी तर आडवी, उभी तर उभी, आणि अर्धा तास नुसती फिरू द्या. या डिस्कच्या तबकडीवर हेडला वाट दाखवणाऱ्या खुणा नसतात, स्टेपर मोटर पावलं मोजत जाते. धातू तापला की पसरतो आणि ट्रॅक किंचित सरकतात. थंड डिस्कवर आखलेले ट्रॅक तासाभराने हेडच्या बरोबर खाली येत नाहीत.

तोवर लेबल वाचा. कारखान्यात सापडलेल्या खराब जागा तिथे सिलिंडर (सगळ्या हेडखाली एकाच वेळी येणारे ट्रॅक) आणि हेडनुसार छापलेल्या असतात. त्या कागदावर उतरवून घ्या. मग डॉसच्या फ्लॉपीवरून डीबग हा प्रोग्रॅम चालवा आणि त्याच्या आडव्या रेघेपुढे जी=सी८००:५ द्या, अर्थात रोमन अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता. बऱ्याच कार्डांचा हाच पत्ता आहे. अडॅप्टेकच्या कार्डांवर शेवटच्या ५ च्या जागी सीसीसी येतं. वेस्टर्न डिजिटलचा रॉम एकेक प्रश्न विचारतो. एसटी-२२५ साठी सिलिंडर ६१५, हेड ४, राइट प्रीकॉम्पेन्सेशन (कितव्या सिलिंडरपासून लिहिण्याची वेळ किंचित सुधारायची तो आकडा) ३००. एमएफएममध्ये दर ट्रॅकला १७ सेक्टर येतात, म्हणजे सगळे मिळून २,१४,११,८४० बाइट. शेवटी खराब ट्रॅक विचारले की तुमचा कागद काढा. डिस्क आत्ता चांगली वाचते म्हणून ही यादी गाळू नका.

इंटरलीव्हचा आकडा मात्र विचार करून द्या. डिस्क मिनिटाला ३,६०० फेरे घेते, एक फेरा सुमारे १६.७ मिलिसेकंदांचा. एक सेक्टर वाचून मशीनने तो उचलेपर्यंत पुढचा सेक्टर हेडखालून निघून गेला, तर पूर्ण फेरा थांबावं लागतं. म्हणून क्रमाने येणारे सेक्टर मध्ये जागा सोडून मांडतात. ३ दिलं तर एक ट्रॅक तीन फेऱ्यांत वाचून होतो, सेकंदाला सुमारे १,७४,००० बाइट. ४ दिलं तर सुमारे १,३०,०००. हावरेपणाने १ दिलं आणि मशीनला ते झेपलं नाही, तर दर सेक्टरला एक फेरा वाया जाऊन वेग ३०,००० च्या आसपास कोसळतो. माझ्या आठ मेगाहर्ट्झच्या क्लोनवर ३ उत्तम चाललं. ४.७७ मेगाहर्ट्झच्या मशीनवर ३ आणि ४ दोन्ही करून, वेग मोजून ठरवा. डिस्क रिकामी असतानाच हा प्रयोग करून घ्यावा.

जागा वाढते म्हणून ही डिस्क आरएलएल, म्हणजे जास्त दाटीने लिहिण्याच्या दुसऱ्या पद्धतीच्या, कार्डाला जोडू नका. दर ट्रॅकला २६ सेक्टर मिळतात खरे, पण त्यासाठी सीगेटने एसटी-२३८आर वेगळी पारखून दिली होती. एसटी-२२५ सुरुवातीला तिथे नीट चालल्यासारखी वाटते आणि मग हळूहळू सेक्टर सोडू लागते.

एक्सटीऐवजी एटी, म्हणजे आयबीएमचं नंतरचं सोळा बिटांचं मशीन, असेल तर यातलं काही बदलतं. तिथलं कार्ड सोळा बिटांचं, आयआरक्यू १४ वर, आणि त्यावर बहुधा रॉम नसतो. डिस्कचा प्रकार सेटअपमध्ये द्यायचा. ६१५ सिलिंडर आणि ४ हेड म्हणजे टाइप २. लो-लेव्हल फॉरमॅट वेगळ्या डायग्नोस्टिक फ्लॉपीवरून.

उरलेलं सोपं आहे. एफडिस्कने एकच पार्टिशन करा, डॉस ३.३ ची ३२ मेगाबाइटची मर्यादा इथे आड येत नाही. मग फॉरमॅट सी: /एस. बंद करण्याआधी दर वेळी हेड पार्क करणारा प्रोग्रॅम चालवा, कारण ही डिस्क स्वतःहून हेड बाजूला नेत नाही.

सगळं झालं की मी एक कागदी चिकटपट्टी घेते, तिच्यावर कार्डाचं नाव, इंटरलीव्ह आणि फॉरमॅटची तारीख पेन्सिलने लिहिते आणि ती डिस्कच्या कडेला लावते. तशीच दुसरी पट्टी कार्डावर, डिस्कच्या नावाची.