घरच्या लाइनवर छोटं वेल्डिंग मशीन किती करंट ओढतं, ते कसं मोजावं

मार्च लागला की नागपुरात कूलर बाहेर निघतात, गंजलेली स्टँड दिसतात आणि छोटं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन घरच्या पॉवर प्लगला लागतं. मग एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारं बोर्डातलं स्विच) पडते, नाहीतर प्लगमधून जळका वास येतो. अशा वेळी ‘मशीन किती वॅटचं’ एवढंच विचारून भागत नाही. वायर, प्लग आणि एमसीबीला अँपिअर सोसावे लागतात, बिल येतं ते वॅटवर. या मशीनमध्ये दोन्हींत मोठा फरक असतो, म्हणून दोन्ही वेगवेगळे मोजायचे.

फरक का, तर आत आलेला २३० व्होल्टचा एसी (दिशा बदलत राहणारा करंट) आधी ब्रिज रेक्टिफायरमधून, म्हणजे त्याला एकाच दिशेचा करणाऱ्या भागातून, कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, जातो. कपॅसिटर लाटेच्या शेंड्यावरच भरतो, त्यामुळे करंट सलग न येता टोकदार झटक्यांनी येतो. साध्या मशीनचा पॉवर फॅक्टर, म्हणजे खऱ्या वॅटचं व्होल्ट आणि अँपिअरच्या गुणाकाराशी असलेलं प्रमाण, त्यामुळे ०.६५ ते ०.७ च्या आसपास राहतो. स्वस्त क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमटा धरून करंट मोजणारा) हे झटके पकडत नाही. जिथे १४ अँपिअर आहेत तिथे १० दाखवतो आणि आपण निर्धास्त राहतो. ‘ट्रू आरएमएस’ असं लिहिलेलाच मीटर घ्या, तो टोकदार करंटही बरोबर मोजतो.

आता मोजणीची दोरी. २.५ स्क्वेअर एमएमची तीन कोअरची, दीड मीटर तांब्याची केबल घ्या, एका टोकाला १६ अँपिअरचा प्लग आणि दुसऱ्या टोकाला १६ अँपिअरचं सॉकेट लावा. मधोमध बाहेरचं आवरण १५ सेंटीमीटर उभं चिरून काढा, आतल्या तिन्ही वायरींच्या इन्सुलेशनला ओरखडाही नको. क्लॅम्पमध्ये फक्त फेजची वायर धरायची. फेज आणि न्यूट्रल एकत्र धरले तर दोन्हींचे करंट एकमेकांना खोडतात आणि रीडिंग शून्य येतं. चालू बोर्ड उघडून आत क्लॅम्प घालू नका, त्यासाठीच ही दोरी. मोजून झालं की ती बाजूला ठेवा, रोजच्या कामाला वापरू नका.

चाचणीला ६ मिलिमीटर जाडीची प्लेट लागते. इतवारीच्या लोहाओळीत किंवा भंगारात तुकडा मिळतो. पातळ पत्रा नको, भोक पडतं आणि आर्क (रॉड आणि प्लेटमधली पेटती ठिणगी) टिकत नाही. बारा नंबरचा, म्हणजे २.५ मिलिमीटरचा कोरडा ६०१३ जातीचा वेल्डिंग रॉड लावा, मशीन ८० अँपिअरवर ठेवा (हा रॉडकडे जाणारा करंट, लाइनवरचा नाही). मशीन नुसतं सुरू असताना रीडिंग अर्ध्या अँपिअरच्या आत असतं, तो पंख्याचा आणि आतल्या सर्किटचा करंट. आर्क पेटवून सरळ रेघ ओढा. वेल्डिंग करणाऱ्याने मीटरकडे बघू नये. दुसऱ्या माणसाने आर्ककडे पाठ करून वाचावं. पहिले दहा सेकंद सोडून द्या, त्यानंतर स्थिर होणारा आकडा लिहा. सोबत प्लगवरचा व्होल्टेजही त्याच क्षणी लिहा.

रॉड चिकटला तर इनपुटचा करंट वाढत नाही, उलट उतरतो. आउटपुटला अँपिअर भरपूर असतात, पण व्होल्टेज पडलेला असतो, म्हणून एकूण शक्ती कमी. याउलट आर्क लांब ओढला की व्होल्टेज चढतो आणि लाइनवरचा भार वाढतो. हात स्थिर नसेल तर तीन रॉड जाळून मधला आकडा धरा.

वॅट मोजायला घरचा विजेचा मीटरच चांगला. त्याच्या तोंडावर ‘३२०० इम्प/केडब्ल्यूएच’ (एका युनिटला ३२०० लुकलुक) असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि एक लाल दिवा लुकलुकतो. फ्रिज, पंखे, मोटर सगळं बंद करा, दिवा शांत झाला का बघा. मग वेल्डिंग सुरू असताना मोबाइलवर दिव्याचा व्हिडिओ घ्या आणि नंतर सावकाश मोजा. समजा ३० सेकंदांत ६० लुकलुक झाले. ६० ला ३६,००,००० ने गुणा, मग ३२०० आणि ३० च्या गुणाकाराने भागा. २२५० वॅट आले. क्लॅम्पवर १४.५ अँपिअर आणि प्लगवर २२६ व्होल्ट असतील तर दोन्हींचा गुणाकार ३२७७ व्हीए (व्होल्ट-अँपिअर) होतो. २२५० ला ३२७७ ने भागलं की पॉवर फॅक्टर ०.६९.

हा आकडा खरा वाटतो का, हे ताडून बघता येतं. रॉडच्या वेल्डिंगला आर्कचा व्होल्टेज २० अधिक अँपिअरच्या ०.०४ पट धरतात. ८० अँपिअरला २३.२ व्होल्ट, म्हणजे १८५६ वॅट. मशीनची कार्यक्षमता ८२ टक्के धरली तर इनपुट साधारण २२६० वॅट. तुमचं रीडिंग याच्या फार खाली असेल तर मशीन दाखवतं तेवढे अँपिअर देतच नसावं. खात्री करायची तर वेल्डिंगच्या केबलवर डीसी (एकाच दिशेचा करंट) मोजणारा क्लॅम्प लावा. नुसता एसीचा क्लॅम्प तिथे चालत नाही.

हाच हिशेब १०० अँपिअरला केला की २९०० वॅटच्या वर जातो आणि लाइनवर १८ ते १९ अँपिअर येतात. १६ अँपिअरची एमसीबी लगेच पडत नाही, पण प्लग मात्र तापतो. मशीन चालू करतानाच एमसीबी पडत असेल तर ते बहुधा कपॅसिटर भरण्याच्या झटक्याचं काम, भाराचं नाही. मेच्या उन्हात तापलेल्या बोर्डातली एमसीबी लवकर पडते, तेही लक्षात घ्या.

एक्स्टेंशन कमी जाडीची असेल तर सगळं मोजमाप बिघडतं. २० मीटर लांब, १ स्क्वेअर एमएमच्या वायरीत १५ अँपिअरला सुमारे १२ व्होल्ट जातात आणि पावणेदोनशे वॅटची उष्णता वायरीतच राहते, २.५ च्या वायरीत ५ व्होल्टच्या आत भागतं. गुंडाळी पूर्ण उलगडा. शिवाय व्होल्टेज पडला की हे मशीन जास्त करंट ओढतं, हीटरसारखा कमी नाही. म्हणून एक रीडिंग सकाळी घ्या आणि एक मेच्या संध्याकाळी, गल्लीतले सगळे कूलर-एसी चालू असताना. एमसीबी आणि वायर दुसऱ्या रीडिंगवर ठरवा.