जुन्या मस्टँगचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स: उघडण्याआधी या चुका टाळा

गिअर बदलताना मानेला बसणारा झटका, सिग्नलला उभं राहिलं की मागून पांढरट धूर, आणि दर दोन आठवड्यांनी कमी होणारं गिअर ऑइल. ही तक्रार घेऊन मी माझी १९६६ ची मस्टँग इथल्या, मिशिगनमधल्या एका वर्कशॉपमध्ये नेली. पाच मिनिटांत निकाल आला: गिअरबॉक्स गेला, उतरवून पूर्ण नव्याने बांधावा लागेल. प्रत्यक्षात गेला होता मुठीत मावणारा एक व्हॅक्यूम मॉड्युलेटर. तो मी घरच्या गॅरेजमध्ये बदलला. गिअरबॉक्स आजही तोच आहे.

या गाडीत फोर्डचा सी-४ आहे. १९६४ साली आलेला, तीन गिअरचा, अॅल्युमिनियमच्या केसिंगचा. यात कॉम्प्युटर नाही. इंजिनावर किती भार आहे हे त्याला कळतं ते इनटेक मॅनिफोल्डमधल्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधल्या व्हॅक्यूमवरून. तिथून एक बारीक नळी मागे येते आणि मॉड्युलेटरला जोडली जाते. मॉड्युलेटरच्या आत रबरी पडदा असतो. तो फाटला की इंजिन त्याच नळीतून गिअर ऑइल ओढून घेतं आणि जाळतं. म्हणून धूर येतो, ऑइल कमी होतं आणि जमिनीवर मात्र एक थेंब सापडत नाही. व्हॅक्यूमही नीट पोचत नाही, म्हणून गिअर उशिरा आणि आदळून पडतात. एका पडद्याच्या या तीन खुणा, आणि त्याच तीन खुणा पाहून लोक अख्खा गिअरबॉक्स खाली उतरवतात.

तपासणं सोपं आहे. इंजिन बंद करा, मॉड्युलेटरवरची रबरी नळी ओढून काढा आणि आत कापसाचा बोळा फिरवा. बोळा लाल झाला तर पडदा फाटला. कोरडा निघाला आणि झटके तरीही बसत असतील तर नळीच्या दोन्ही टोकांचं रबर वाकवून भेगा बघा. माझ्या गाडीत पडदा फाटला होताच, पण मॅनिफोल्डकडच्या टोकाला नखाएवढी एक चीरही होती. ती वाकवल्याशिवाय दिसत नव्हती. इग्निशन टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे गेलेलं असेल तरी व्हॅक्यूम कमी पडतो, म्हणून आधी इंजिनाचं ट्यूनिंग आणि मग गिअरबॉक्स हा क्रम मोडू नका.

थंड गाडीची डिपस्टिक

इथे नोव्हेंबर ते एप्रिल गाडी झाकून ठेवलेली असते. इतके दिवस उभ्या गाडीत टॉर्क कन्व्हर्टरमधलं (इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागातलं) ऑइल हळूहळू गिअरबॉक्सच्या तळाच्या पॅनमध्ये उतरतं. मग वसंतात डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढली की ऑइल जास्त दिसतं, आणि माणूस ते काढून टाकतो. इथेच नुकसान सुरू होतं. वीसेक मिनिटं गाडी चालवा, सपाट जागी उभी करा, ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या जागांवरून सावकाश फिरवा, पार्कमध्ये आणा आणि इंजिन चालू ठेवूनच मोजा. कमी असेल तर थोडं थोडं घाला. जास्त झालं तर फिरत्या भागांत घुसळून फेस होतो, आणि फेसाने दाब धरत नाही.

घालायचं ते टाइप एफ प्रकारचं ऑइल. डेक्स्रॉन हे दुसऱ्या प्रकारचं ऑइल घातल्याने गाडी लगेच बंद पडत नाही, म्हणूनच ही चूक लक्षात येत नाही. पण त्याचं घर्षण वेगळं असतं, त्यामुळे गिअरबॉक्सच्या आतले क्लच जास्त वेळ घसरत पकडतात. ऑइल गुलाबी दुधासारखं दिसलं तर गाडी हलवूच नका. रेडिएटरच्या आतला, गिअर ऑइल थंड करणारा कूलर फुटून त्यात पाणी मिसळलेलं असतं.

‘पहिला गिअर पडतच नाही’

१९६४ ते ६६ च्या सी-४ मध्ये ‘डी’ नसतो, दोन ठिपके असतात. मोठ्या हिरव्या ठिपक्यावर गाडी पहिल्या गिअरमध्ये उठते. लहान ठिपका निसरड्या रस्त्यासाठी आहे, त्यावर ती दुसऱ्यातच उठते. नव्याने गाडी घेतलेला माणूस लहान ठिपक्यावर चालवतो आणि गाडी जड वाटते म्हणून दुरुस्तीला नेतो. १९६७ पासून ही पद्धत बदलली.

रिव्हर्स गेला म्हणजे सगळं गेलं नाही

इथे थोडं डोकं लावलं तर मोठा खर्च वाचतो. रिव्हर्समध्ये दोन गोष्टी लागतात: रिव्हर्स-हाय क्लच आणि लो-रिव्हर्स बँड (फिरत्या भागाभोवती आवळणारा पट्टा). तोच क्लच तिसऱ्या गिअरलाही लागतो आणि तोच बँड लिव्हरच्या ‘एल’ (लो) जागेवर. म्हणून रिव्हर्स नाही आणि तिसराही घसरतोय, तर संशय क्लचवर. तिसरा ठणठणीत आहे, पण ‘एल’मध्ये अॅक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर इंजिन गाडीला रोखत नाही, तर संशय बँडवर. आणि बँड बाहेरूनच जुळवता येतो. नुसता दुसरा गिअर पडताना इंजिन भुर्रकन पळत असेल तर इंटरमीडिएट बँड बघा.

बँड अंदाजाने आवळणं ही सगळ्यात महाग चूक. डाव्या बाजूचा इंटरमीडिएट बँडचा स्क्रू टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या पान्याने) १० फूट-पाउंडपर्यंत आवळून बरोबर पावणेदोन फेरे सैल करायचा. उजवीकडचा लो-रिव्हर्स तेवढाच आवळून तीन फेरे सैल. स्क्रूवरचा लॉकनट दर वेळी नवा घाला, कारण ऑइल अडवणारं सील त्यातच असतं. आणि दोन्ही बँड एकाच दिवशी जुळवू नका. एक करा, गाडी फिरवून आणा, काय बदललं ते लिहून ठेवा.

माझ्या गाडीच्या कारखान्यातून आलेल्या क्रमांकात (नंबर प्लेटवरच्या नव्हे) दुसऱ्या जागी ‘टी’ आहे, म्हणजे ती न्यू जर्सीतल्या मेटचनच्या कारखान्यात बनली. तो कारखाना होता एडिसनमध्ये, जिथे आज मराठी घरं भरपूर आहेत. तिथल्या कुणाकडे अशी गाडी असेल तर हे सगळं त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितोय.

एवढं करूनही ऑइल काळं निघालं, करपल्याचा वास आला आणि पॅनच्या तळाशी धातूचा चुरा सापडला, तर गिअरबॉक्स उतरवायलाच हवा. पॅनमधला पातळ राखाडी थर मात्र नेहमीचा, त्याला घाबरू नका. उतरवाल तेव्हा कन्व्हर्टर बदलून घ्या आणि कूलरच्या नळ्या उलट्या दिशेने धुऊन घ्या, नाहीतर जुना चुरा पहिल्याच फेरीत नव्या क्लचमध्ये जाऊन बसतो.