नवी बोट, जुनाट सांधे: वायरिंगमधला दोष शोधताना या चुका टाळा

मांडव्याला माझी २२ फुटी फायबरची बोट असते. नवीकोरी घेतली आणि दुसऱ्याच महिन्यात तळातलं पाणी उपसणारा बिल्ज पंप मंदावला. मी पंप बदलला. तीन आठवड्यांत नवा पंपही तसाच कण्हायला लागला. मग बॅटरी बदलली, तरी फरक नाही. कारखान्यातून आलीय म्हणजे वायरिंग ठीकच असणार, हे मी धरून चाललो होतो.

पंप बंद ठेवून व्होल्टेज मोजलं, ही माझी पुढची चूक. मल्टिमीटरला करंट लागतो नावापुरता. वायरीतला एखादाच धागा शाबूत असला तरी तो ऐटीत १२.६ दाखवतो. पंपाला चार-पाच अँपिअर हवे असतात, ते त्या एका धाग्यातून कसे जाणार? म्हणून मोजायचं ते पंप चालू ठेवूनच. तसं केल्यावर बॅटरीवर १२.४ होते आणि पंपाशी ९.७. मधले २.७ व्होल्ट वाटेत कुणीतरी खात होतं.

आता मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर, दुसरी पंपाच्या प्लसवर. त्यासाठी पिनेला लांब वायर जोडून घ्यावी लागते. आकडा आला ०.३, म्हणजे प्लसच्या वाटेत एवढेच व्होल्ट घटत होते. तेच मायनसच्या बाजूला केलं तर २.४! बहुतेक जण मायनसकडे बघतच नाहीत. प्लसला फ्यूज, स्विच असतात म्हणून सगळा संशय तिकडेच. अमेरिकी एबीवायसी (बोटींचे नियम ठरवणारी संस्था) मानकात नेव्हिगेशन दिव्यांसारख्या महत्त्वाच्या सर्किटला ३ टक्के आणि इतरांना १० टक्के घट चालते. पंप मी पहिल्याच गटात धरतो, म्हणजे १२ व्होल्टला साधारण ०.३६.

सांधा सापडला डेकखाली, साचलेल्या पाण्यापासून चार बोटं वर. दोन वायरी पिळून वर काळी टेप गुंडाळलेली. ब्लेडने टेप चिरली तर आतून खारं पाणी ओघळलं, आणि तांब्याच्या जागी हिरवी भुकटी. चिमटीत धरताच धागे तुटले. वायर मागे मागे सोलत गेलो, तर वीतभर आतपर्यंत तांबं काळं पडलेलं. भांड्यांना लावायचो तीच कल्हई इथेही कामाची: बोटीची वायर कथिलाचा मुलामा दिलेल्या बारीक धाग्यांची हवी. घरच्या वायरिंगची साधी वायर खाऱ्या हवेत टिकत नाही.

काळं तांबं कापून टाका, घासून पुन्हा जोडू नका. लग, म्हणजे वायरीच्या टोकाला बसवायची धातूची टोपी, चांगल्या क्रिंपिंग टूलने दाबा, पकडीने चेपू नका. वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी (गरम केल्यावर आवळणारी) चढवा आणि सांधा पाण्यापासून जमेल तितका उंच न्या. नुसत्या सोल्डरवर भिस्त नको. सोल्डर जिथे संपतं तिथे वायर ताठ होते आणि इंजिनाच्या थरथरीने नेमकी तिथेच तुटते.

फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा घालणाऱ्यांना काय म्हणावं? फ्यूज असतो वायर वाचवायला. पंपात कचरा अडकून तो जाम झाला की मोठा फ्यूज शांत बसतो आणि वायर तापते. आणि कचरा नव्या बोटीतही असतो बरं. माझ्या पंपाच्या जाळीत फायबरचा भुसा आणि केबल टायची कापलेली शेपटं निघाली. फ्यूज बॅटरीजवळच हवा, साधारण १८ सेंटिमीटरच्या आत.

पाणी वाढलं की पंप आपोआप सुरू करणारा फ्लोट स्विच मेन स्विचच्या पुढे जोडलेला असेल, तर तुम्ही मेन बंद करून घरी गेलात की तोही बंद. रात्रभर पाऊस पडला की बोट भरते. त्याला स्वतःच्या फ्यूजमधून थेट बॅटरीवर घ्या. शिवाय तळाच्या पाण्यात प्लसची उघडी वायर राहिली, तर त्या भटक्या करंटने धातूचे व्हॉल्व्ह आणि बोट ढकलणारा पंखा (प्रॉपेलर) काही दिवसांत खाल्ले जाऊ शकतात. गंज अचानक वाढला तर खाऱ्या पाण्याला दोष देऊन मोकळे होऊ नका.

घरचा वायरमन बोलावलात तर रंग आधी समजावून सांगा. आपल्याकडे घरात पिवळी वायर म्हणजे एक फेज. अमेरिकी पद्धतीच्या बोटीत तीच १२ व्होल्टची मायनस असू शकते. पेट्रोलची टाकी डेकखाली असेल तर हात घालण्याआधी डेकची झाकणं उघडून ब्लोअर (आतली हवा बाहेर फेकणारा पंखा) चालवा. पेट्रोलची वाफ हवेहून जड, तळाशीच बसते. एक ठिणगी पुरते. वास जाईपर्यंत काहीच करू नका.

एक सांधा असा निघाला की बाकीचेही बघा. फायबरला पाडलेल्या भोकातून वायर रबरी बुशाशिवाय जाते का? भोकाची धार करवतीसारखी असते. वायर ४५ सेंटिमीटरपेक्षा जास्त लांब लोंबकळते का? डेकच्या स्क्रूचं टोक वायरीच्या जुडग्यात घुसलंय का? मला यातले दोन दोष मिळाले.

वॉरंटी असेल तर काहीही कापण्याआधी मीटरच्या आकड्यासह फोटो काढा आणि बिल्डरला लेखी कळवा. मी आधी कापलं, मग फोन केला. साहजिकच पलीकडून उत्तर आलं, "तुम्हीच छेडछाड केलीय."

आणि हो, 'बिघडलेला' म्हणून काढलेला पहिला पंप मी नंतर थेट बॅटरीला लावून बघितला. बादलीतलं पाणी झपाट्याने संपलं. आता तो स्पेअर म्हणून बोटीतच असतो.