परदेशात राहून गावी शॉर्टफिल्म करायची तर

मी टोरांटोत नोकरी करते आणि फिल्म गोव्यातल्या फोंड्याजवळच्या आमच्या गावात करते. हातात वेळ असतो तो रजेपुरताच. म्हणून गोष्टच रजेत बसेल अशी निवडा: एक घर, दोन-तीन माणसं, चालत फिरता येईल एवढा परिसर. लांबीही आवरा. ऑस्करवाली अकादमी श्रेयनामावली धरून 40 मिनिटांपर्यंतची फिल्म शॉर्ट मानते, पण कान चित्रपट महोत्सवाच्या स्पर्धेत 15 मिनिटांच्या वर चालत नाही.

सगळ्यात जास्त जीव आवाजात घाला. संकलन, रंग, सबटायटल्स परत गेल्यावर होतात. पण पहाटेच्या पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पों पों तिथे कुठून आणणार? प्रत्येक खोलीत सगळ्यांना गप्प बसवून मिनिटभर नुसती खोली रेकॉर्ड करा. संवादांच्या तुकड्यांमधली भगदाडं त्यानेच बुजतात. त्याआधी पंखा आणि फ्रिज बंद. मी तेव्हा स्कूटरची किल्ली फ्रिजमध्येच ठेवते, म्हणजे निघताना तो चालू करायचा राहत नाही आणि आईचं नुस्तें (मासे) वाया जात नाही. चतुर्थीत शूट असेल तर घुमट आरती, म्हणजे घुमट या मातीच्या तालवाद्यावरची आरती, वेगळी रेकॉर्ड करा. लहान खोलीत घुमटाचा खर्ज असा भरतो की शब्द बुडतात, तेव्हा माईक दारापाशी धरा. रेकॉर्डिंगची पातळी उणे 12 डेसिबलच्या आसपास ठेवा, कारण झांज अचानक चढते.

उत्तर अमेरिकेतून कॅमेरा आणत असाल तर शटर बघा. तिथे वीज 60 हर्ट्झची, आपल्याकडे 50. शटरचा वेग 1/50 सेकंदावर आणा, नाहीतर ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकतं आणि ते नंतर काढणं फार जिकिरीचं. सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच न्या. 100 वॉट-तासांवरच्या बॅटरीला विमान कंपनीची आधी परवानगी लागते. फुटेजच्या दोन प्रती, दोन वेगळ्या बॅगांत.

रस्ता, फेरीबोट, किनारा अशा ठिकाणांच्या परवानगीसाठी पणजीतल्या एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवाकडे अर्ज करा, तोही तिकडून निघण्याआधी. देवळाचं मात्र देवस्थान समितीला प्रत्यक्ष भेटूनच ठरवा. ओळखीचे असले तरी पत्र लेखी द्या. ड्रोनचा नाद सोडा. दाबोळीला नौदलाचा तळ आहे.

सबटायटल्स दोन ओळींत, ओळीला चाळीसेक अक्षरं. मराठी अजिबात न कळणाऱ्या माणसाला फिल्म दाखवा आणि तो कुठे अडखळतो ते बघा.

रजा नोव्हेंबरात मिळाली तर इफ्फीला, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला, जा. 2004 पासून तो पणजीतच होतो, आणि पुढच्या फिल्मचा कॅमेरामन मला तिथल्या रांगेतच भेटला. फिल्म तयार झाली की लगेच यूट्यूबवर टाकू नका. काही महोत्सव आधी ऑनलाइन आलेली फिल्म घेत नाहीत, म्हणून जिथे पाठवायची आहे त्या प्रत्येकाचे नियम आधी वाचा आणि प्रवेश फी भरण्यापूर्वीच यादी पाच-सहावर आणा.