हवामान मॉडेलच्या कोडमध्ये बदल जोडण्याआधी

पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या पृथ्वी-प्रणाली मॉडेलमध्ये (वातावरण, समुद्र वगैरे एकत्र धरून हवामान मोजणारा संगणकीय प्रोग्राम) वातावरणाचा गाभा एनसीईपीचा, समुद्राचा जीएफडीएलचा; दोन्ही अमेरिकी संस्था. दोन घरांचं फोर्ट्रान या भाषेतलं कोड एकत्र नांदवायचं, म्हणून मी एकच हट्ट धरते: बदल गिटच्या (कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनाच्या) वेगळ्या शाखेत, म्हणजे स्वतंत्र प्रतीत ठेवा, मग जुना आणि नवा कोड मॉडेलमधले पाच-पाच दिवस चालवा.

फक्त कोडची मांडणी बदलली असेल, गणित तेच असेल, तर उत्तर शेवटच्या बिटपर्यंत जुळलंच पाहिजे. एकदा तापमानात बाराव्या दशांश स्थळी फरक दिसला, मी सोडून दिला. निघालं काय, तर एक चल (व्हेरिएबल) सुरुवातीला शून्य न करताच वापरलं होतं! दोन्ही वेळा प्रोसेसरची संख्या तीच ठेवा. ती बदलली की बेरजेचा क्रम बदलू शकतो, आणि तेवढ्यानेही शेवटचे आकडे हलतात.

भौतिकीच, म्हणजे ढग-पावसासारख्या प्रक्रियांचं गणितच बदलायचं असेल, तर समुद्रवाल्यांना आधी सांगा.