कवडशानं सूर्य कसा मोजायचा

शिवाजी पेठेतल्या आमच्या जुन्या घराची कौलं सारखी सरकायची. फट कितीही वाकडीतिकडी असो, जमिनीवरचा कवडसा मात्र गोल. तो गोल म्हणजे सूर्याचं चित्र, हे फार उशिरा कळलं. आता वर स्लॅब आहे, म्हणून कवडसा मुद्दाम पाडावा लागतो.

दाढीचा छोटा आरसा घ्या. जाड कागदात ५ मिलिमीटरचं भोक पाडून कागद आरशावर चिकटवा. भोक चौकोनीच कापा, गंमत त्यातच आहे. आरसा उन्हात विटेला टेकवा आणि उजेड १० मीटरवरच्या अंधाऱ्या भिंतीवर पाडा. मी आरसा गल्लीत ठेवतो, उजेड दारातून थेट मागच्या खोलीत जातो. आरशात डोकावू नका, कुणाच्या डोळ्यावर मारू नका.

चौकोनातून गेलेला उजेड भिंतीवर गोल पडेल. लांबट दिसला तर आखूड बाजू मोजा आणि भोकाचे ५ मिलिमीटर वजा करा. ९.३ सेंटिमीटरच्या आसपास यायला हवं. मग त्रैराशिक: १० मीटरला ९.३ सेंटिमीटर, तर १५ कोटी किलोमीटरला किती? जवळजवळ १४ लाख किलोमीटर, हा सूर्याचा व्यास. माझं पहिल्यांदा १३ लाख आलं होतं. कडा धूसर असतात, घाई करू नका.

आता कवडशाभोवती पेन्सिल फिरवा आणि बसा. दोनेक मिनिटांत तो स्वतःच्या रुंदीइतका सरकतो. उजेडाला सूर्यापासून इथं यायला ८ मिनिटं २० सेकंद लागतात. म्हणजे या क्षणी सूर्यावरून निघालेला उजेड भिंतीवर पोचेल, तेव्हा कवडसा चार गोल पुढं गेलेला असेल.

ताऱ्यांचा हिशोब वर्षांत. जानेवारीअखेरीस कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव, म्हणजे मावळतीचं ऊन मूर्तीवर पडतं तो सोहळा, बघून आलात की अंधार पडल्यावर गच्चीवर जा. मृगाच्या बाणाचे तीन तारे हेरा. ती रेघ खाली वाढवली की व्याध, वर वाढवली की रोहिणी. व्याधाचा उजेड साडेआठ वर्षांपूर्वीचा, माझ्या नातीच्या वयाचा. रोहिणीचा ६५ वर्षांचा, माझ्या. तुमचं वय १७ असेल तर श्रवण, २५ असेल तर अभिजित, ३७ ला स्वाती. पण हे तिघे त्या वेळी संध्याकाळी दिसत नाहीत.

नात म्हणते, पुढच्या वर्षी तुम्हाला दुसरा तारा शोधावा लागणार.